वकील परवडत नाही, मग पहिली पायरी कोणती? (ठाणे–नवी मुंबईसाठी एक पानी पत्रक)

घंटाळीकर

मंडळी, सोसायट्यांच्या आणि चाळींच्या फलकावर लावायला एक पान तयार करतोय. विषय एकच: वकिलाची फी परवडत नसलेल्या माणसाने कोणत्या दारात जायचं. मसुदा असा:

पोलीस तक्रार: जवळचं पोलीस ठाणं.
मोफत वकील: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालय, कोर्ट नाका, ठाणे. फोन १५१००.
वस्तू-सेवेत फसवणूक: ग्राहक आयोग.
तडजोड करायची असेल: लोकअदालत.

माझं म्हणणं असं की कायदे आहेत, कार्यालयं आहेत, योजनाही आहेत. माणूस अडतो तो पहिल्या खिडकीवर. चुकीच्या रांगेत तासभर उभा राहतो, "हे इथे होत नाही" ऐकतो आणि घरी जातो. दुसऱ्यांदा खाडा करून कोण येणार? म्हणून पानावर दार, कागद आणि मुदत एवढंच हवं. 'छान उपक्रम' नको, दुरुस्त्या द्या.

खारघर_टेकडी

पहिली चूक शीर्षकातच आहे. नवी मुंबई म्हणजे सगळी ठाणे जिल्ह्यात नव्हे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. पत्त्यात सगळेच 'नवी मुंबई' लिहितात आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

त्यात भर म्हणजे पोलीस आयुक्तालय एकच आहे. नवी मुंबई पोलिसांची हद्द पनवेल-उरणपर्यंत जाते. त्यामुळे लोकांना वाटतं, पोलीस एक तर कोर्टही एक. तसं नाही. खारघरच्या माणसाचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागला. त्याने आधी पनवेल न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं, अर्ज तिथेही घेतात. ग्राहक आयोगही रायगडचा, म्हणजे अलिबागलाच. बेलापूरच्या कोकण भवनात बसतो तो अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोग.

चहाबाज

म्हणजे खारघरच्या माणसाचा मिक्सर बिघडला तर त्याने अलिबाग गाठायचं. येताना पांढरा कांदा आणला की भाडं वसूल.

रोजनामा

कांद्यासाठी जायचं तर खुशाल जा, मिक्सरसाठी गरज पडेलच असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने (अंमल २० जुलै २०२० पासून) तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करतो तिथेही तक्रार चालते, कलम ३४. खारघरला राहून महापेला नोकरी करणाऱ्याला ठाण्याच्या बाजूला दाखल करता येते. नोकरीचा पुरावा जोडायचा. शिवाय २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरून भरता येते आणि अर्ज करून दूरदृश्य सुनावणी मागता येते.

ग्राहक आयोगाची ओळ फारच त्रोटक आहे. लोक जिथे चुकतात ते लिहितो.

हद्द आणि फी ठरते ती *दिलेल्या किमतीवर*, मागितलेल्या भरपाईवर नाही. १८ हजारांचा फ्रिज आणि दोन लाखांची भरपाई मागितली, तरी हिशोब १८ हजारांचाच. ५० लाखांपर्यंतची किंमत जिल्हा आयोगाकडे. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाख २०० रुपये, १० ते २० लाख ४००, २० ते ५० लाख १,०००. वकील लागतोच असं नाही.

मुदत २ वर्षं. इथे सगळ्यात जास्त लोक बुडतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, कंपनीला ईमेल केले, त्यांनी "पाहतो" म्हटलं, असं करत दोन वर्षं निघून जातात. हेल्पलाइनवरची तक्रार किंवा पत्रव्यवहार यांनी मुदत थांबत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, कारणासह.

व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही 'ग्राहक' नाही. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली एक रिक्षा चालते. तक्रारीत हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच टाका: "सदर वाहन मी स्वतः चालवून उपजीविका करतो." नाहीतर समोरचा पहिली हरकत हीच घेतो.

आणि दाखल करताना: अनुक्रमणिका, तक्रार, शपथपत्र, बिल, पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि पोचपावती, सगळ्या पानांवर क्रमांक. फोटोतून पीडीएफ करताना बिलाची तारीख वाचता यायला हवी. थर्मल कागदावरची बिलं उडतात, घेतल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे आयोगही वाढवून देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तक्रारदाराने ते ४५ दिवस मोजून ठेवावेत. मोजणारे कमीच.

ऐरोली_नाका

निकाल लागला तरी कंपनी पैसे देत नाही, त्याचं काय?

रोजनामा

वसुलीचा अर्ज, म्हणजे दरखास्त. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी, कलम ७२ खाली शिक्षा: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्ही. बहुतेक जण ७१ चा अर्ज करतात. ७२ चा केला की संचालकांच्या नावाने समन्स निघतं आणि फोन लवकर येतो. समोरच्याने अपील केलं असेल तर त्याला अर्धी रक्कम आधी भरावी लागते, तेही तपासा.

सुगंधा_नेरूळ

मोफत वकिलाची ओळ बदला. आत्ता वाचणाऱ्याला वाटेल की हे फक्त गरिबांसाठी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ बघा. महिला, बालक, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे बळी, आपत्तिग्रस्त, कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांना, महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख. नेरूळमधली बाई स्वतः ८० हजार पगार घेत असेल तरी ती पात्र आहे. तुर्भे-रबाळेच्या पट्ट्यातला कंपनी कामगारही 'औद्योगिक कामगार' म्हणून पात्र आहे, त्याला तर कोणी सांगतच नाही.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. तहसीलमधून दाखला आणा म्हटलं की अर्धे लोक तिथेच गळतात. कलम १३ म्हणतं की उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं शपथपत्र पुरेसं मानता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तेव्हाच पुढे चौकशी. हे पानावर छापाच.

कागद: अर्ज, ओळखपत्र, ज्या गटात बसता त्याचा पुरावा, आलेली नोटीस किंवा समन्स आणि घटनाक्रम एका पानात, तारखांसह. अर्जावर निर्णय सात दिवसांच्या आत व्हायला हवा, तसं २०१० च्या विनियमांत आहे. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील, आणि जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशच. फक्त वकील मिळत नाही, कोर्ट फी, समन्सची फी, टंकलेखन, नकलांचा खर्च हेही त्यात येतं.

पारसिक_बोगदा

कागदावर सगळं गोड आहे. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाला टप्प्याटप्प्याने तुटपुंजं मानधन. तो तुमच्या प्रकरणात जीव ओतेल? तारखेला ज्युनिअर पाठवेल, तो पुढची तारीख घेईल, संपलं. फुकटचा वकील म्हणजे फुकटचा चष्मा, नंबर जुळला तर नशीब.

सुगंधा_नेरूळ

@पारसिक_बोगदा, मानधनाबद्दल तुमचं खरं आहे, वाद नाही. पण उपाय आहेत आणि ते कोणी वापरत नाही. प्रत्येक प्राधिकरणात देखरेख समिती असते, तिच्याकडे वकिलाने प्रकरणाची प्रगती कळवायची असते. वकील बदलून मागता येतो, साधा अर्ज पुरतो: कोणत्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं. आणि पॅनेलच्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. "टायपिंगचे द्या", "बेलिफाचे द्या" म्हटलं तर थेट सचिवांकडे लेखी तक्रार. तोंडी सांगून काही होत नाही.

पारसिक_बोगदा

कोण हजर होतं हे पक्षकाराला कळणार कसं? तो तर बाहेर बाकावर बसलेला.

नाझर

रोजनाम्यातून. (या धाग्यावरचे रोजनामा नव्हेत, खरा रोजनामा.) प्रत्येक तारखेला काय झालं, कोण हजर, का तहकूब, हे न्यायालय लिहून ठेवतं. प्रकरणाला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखांचं कामकाज दिसतं. पक्षकाराने वकिलाकडून पहिल्या दिवशी घ्यायची गोष्ट म्हणजे हा क्रमांक. "साहेबांना विचारून सांगतो" या उत्तराची गरजच राहत नाही.

आता कोर्टाच्या आतलं जे पानावर कोणी लिहीत नाही ते.

प्रकरणं रखडण्याचं मोठं कारण न्यायाधीशांची संख्या वगैरे आहेच, पण पक्षकाराच्या हातातलं कारण म्हणजे समन्स. "रा. दिवा, जि. ठाणे" एवढ्या पत्त्यावर बेलिफ कुठे जाणार? 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून समन्स बजावणीविना परत येतं, मग नवा पत्ता, नवी फी, नवी तारीख. दिव्यात, कळव्यात, घणसोली गावठाणात इमारतींची नावं सारखी असतात. पत्त्यात इमारत, विंग, खोली क्रमांक, मालकाचं नाव, जवळची खूण, पिनकोड आणि मोबाइल हवाच. पत्र्याच्या चाळीत घर असेल तर "पाण्याच्या टाकीमागे, तिसरी गल्ली" असं लिहायला लाजू नका. आणि समन्सची फी मुदतीत भरली नाही तर दावा त्याच कारणाने काढून टाकला जाऊ शकतो.

नक्कल: निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज टाका. अपिलाची मुदत (जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस) मोजताना नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वगळतात. पण अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस वगळत नाहीत. "आधी वकिलाशी बोलतो, मग नक्कल" असं करून तीन आठवडे घालवणारे पुष्कळ. नक्कल मिळाली की तिच्यावरच्या तीन तारखा वाचा: अर्ज केव्हा, तयार केव्हा, दिली केव्हा. मुदतीचा सगळा हिशोब त्यात असतो.

चहाबाज

नाझरकाका, "पुढची तारीख" हा सुद्धा एक प्रकारचा निकालच ना?

नाझर

नाही. निकालाची नक्कल मिळते.

कोपरखैरणे_सेक्टर१९

शपथपत्र म्हटलं की कोर्टाबाहेरचे टेबलवाले लगेच "पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा" म्हणतात. ते लागतं का?

रोजनामा

न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात सादर करायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ ची अधिसूचना आहे. साध्या कागदावर चालतं. किमान मुद्रांक ५०० रुपये झाल्यापासून हा भुर्दंड पाचपट झालाय, म्हणून हे मोठ्या अक्षरात छापावं. न्यायालयात शपथ देणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे सही केली तर नोटरीही लागत नाही. करारनामा, घोषणापत्र वगैरे वेगळे, त्यांना माफी नाही. तिथे गल्लत करू नका.

सुगंधा_नेरूळ

त्यालाच जोडून: पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट या प्रकारांत महिला पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. कित्येक वेळा बाईकडून वाटणीच्या दाव्याला पूर्ण फी भरून घेतली जाते, कारण कोणी माफीचा उल्लेखच करत नाही. दाव्याच्या मूल्यांकनाच्या परिच्छेदात एक ओळ टाकली की झालं.

पोटगीत आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं असतं. नवऱ्याने ते नाही दिलं तर त्यावर बोट ठेवा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मागा, आदेशाच्या तारखेपासून नव्हे.

ऐरोली_नाका

लोकअदालत म्हणजे वाहतूक चलानाचा मेसेज येतो तीच ना?

रोजनामा

तीच, चलान हा तिचा एक कोपरा. मोटार अपघात, धनादेश न वटणे, बँकेची थकबाकी, वीजबिल, कौटुंबिक वाद, तडजोड होऊ शकणारं बरंचसं तिथे येतं. कोर्टात दाखल नसलेलं प्रकरणही 'दाखलपूर्व' म्हणून घेतात. मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाडा हुकूमनाम्यासारखा बंधनकारक होतो. त्यावर अपील नाही. तडजोडीचा कागद सही करण्याआधी दोनदा वाचायचा तो म्हणूनच. मसुद्यातली तुमची ओळ "तडजोड करायची असेल" बरोबर आहे, पण तिथे "सही केली की मागे फिरता येत नाही" हे जोडा.

तडजोडीत राहून जातं ते हे: हप्ते लिहितात, पण हप्ता चुकला तर काय ते लिहीत नाहीत. "एक हप्ता चुकल्यास उर्वरित संपूर्ण रक्कम तात्काळ देय" हे वाक्य नसेल तर दर चुकलेल्या हप्त्याला वेगळी वसुली. कोणत्या खात्यात, महिन्याच्या कोणत्या तारखेला, आणि दुसरी बाजू कोणती तक्रार कधी मागे घेणार, हेही लिहा.

पारसिक_बोगदा

आणि बँकेचे वकील, पॅनेल, गर्दी, दिवसभराची रांग. "आज मिटवा, नाहीतर वर्षानुवर्षं फिराल" असं ऐकून माणूस सही करतो. याला न्याय म्हणायचं की निपटारा?

नाझर

तुमची शंका रास्त आहे. आकडे दाखवायची घाई असते, हे खोटं नाही. पण लोकअदालत संमतीशिवाय काहीही ठरवू शकत नाही. "नाही" म्हटलं तर प्रकरण आहे त्या टप्प्यावर कोर्टात परत जातं, काही नुकसान होत नाही. हे एक वाक्य माहीत असलं तर रांगेतल्या माणसाचा आवाज बदलतो.

कायमस्वरूपी लोकअदालत मात्र वेगळी, कलम २२-ब. वीज, पाणी, रुग्णालय, विमा, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांसाठी. तिथे तडजोड झाली नाही तर ती गुणदोषांवर निर्णयही देऊ शकते. ती कुठे बसते ते प्राधिकरणाच्या खिडकीवर विचारा. दोन्ही नावं सारखी असल्याने लोक एकीची अपेक्षा घेऊन दुसरीत जातात.

कळव्याचा_पूल

पोलिसांची ओळ सगळ्यात कच्ची आहे. "जवळचं पोलीस ठाणं" एवढं सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न, तक्रार घेतली नाही तर काय, हा आहे.

तक्रार लेखी, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही. दखलपात्र गुन्हा असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे नोंद घ्यावीच लागते, आणि हद्द कोणाची हे कारण चालत नाही. कळव्याची घटना वाशीत नोंदवता येते, शून्य क्रमांकाने. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत मोफत. तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणजे ते दिवस "टाळाटाळ" नसतात.

नाही घेतली, तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना. मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज, शपथपत्रासह. मधली पोस्टाची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. म्हणूनच पोस्टाची पावती आणि पोच जपायची.

आणि एनसी म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजू नका. अदखलपात्र नोंदीचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. कितीतरी लोक एनसीचा कागद जपून ठेवून वाट बघत बसतात.

रोजनामा

सहमत. एक पुरवणी: उसने पैसे परत न करणं हा बहुतेक वेळा खरंच दिवाणी मामला असतो. पोलिसांनी तसं सांगितलं तर ते दर वेळी हात झटकणं नसतं. धनादेश न वटता परत आला असेल तर सरळ परक्राम्य संलेख अधिनियमाचं (एनआय अॅक्ट) कलम १३८: बँकेचा परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस थांबा, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत पहिले ३० दिवस निघून जातात आणि सोपं प्रकरण अवघड होतं.

तसंच पालिकेविरुद्ध दावा करायचा असेल तर आधी एक महिन्याची नोटीस (महानगरपालिका अधिनियम, कलम ४८७), सरकारविरुद्ध दोन महिन्यांची.

पारसिक_बोगदा

फलक सोसायट्यांत लावताय, पण ठाणे मध्यवर्ती कारागृहाबाहेर आणि तळोजाबाहेर पिशवी घेऊन उभे असलेल्या नातेवाइकांसाठी काय? जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही, माणूस आतच. ऐपतीचा दाखला असलेला स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? परप्रांतीय मजुराला ठाण्यात ओळखतं कोण?

सुगंधा_नेरूळ

हा मुद्दा मात्र तुम्ही नेमका काढलात. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. नातेवाइकांनी वाट न बघता स्वतः जाऊन सांगावं: कैद्याचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, जामिनाच्या आदेशाची तारीख. प्राधिकरणातर्फे अट शिथिल करायचा अर्ज करता येतो, किंवा जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख जामिनावर सोडावं अशी मागणी करता येते.

शिवाय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर हा लाभ मिळत नाही.

घंटाळीकर

एक पान म्हणता म्हणता वही झाली. पण पारसिक यांचं बरोबर आहे, जेलसाठी वेगळी पट्टी करू.

कोपरखैरणे_सेक्टर१९

ज्येष्ठ नागरिक राहिले. आमच्या पट्ट्यात घर मुलाच्या नावावर करून दिलेले म्हातारे आई-वडील बरेच. त्यांना दिवाणी कोर्टात पाठवू नका. २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण: साधा अर्ज, कोर्ट फी नाही, ९० दिवसांत निर्णयाची तरतूद, दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाह. बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं ते कलम २३ खाली, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं. म्हणून बक्षीसपत्र करतानाच ती अट लिहून घ्यायची. मुद्रांकाच्या रांगेत हे कोणी सांगत नाही.

कळव्याचा_पूल

आणि धडक देऊन पळालेलं वाहन. घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, रोजचंच. गाडी सापडली नाही म्हणजे भरपाई नाही असं लोक धरून चालतात. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार. अर्ज जिथे अपघात झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे, एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल किंवा इजा प्रमाणपत्रासह. कोर्टात जायचं नाही.

घंटाळीकर

दुसरा मसुदा. पुढच्या बाजूला फक्त हे:

मोफत वकील: महिला, अजा-अज, दिव्यांग, कामगार, कोठडीतले यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना वार्षिक ३ लाखांपर्यंत. उत्पन्नाला शपथपत्र चालतं, साध्या कागदावर. ऐरोली ते बेलापूर: कोर्ट नाका, ठाणे. खारघर-कामोठे-पनवेल: पनवेल न्यायालय. फोन १५१००.
पोलीस: दोन प्रती, शिक्का. नाही घेतली तर रजिस्टर पोस्टाने उपायुक्त. मग कोर्ट.
ग्राहक: २ वर्षं. ५ लाखांपर्यंत फी नाही. हेल्पलाइनने मुदत थांबत नाही.
धनादेश: ३० दिवस, १५ दिवस, १ महिना.
लोकअदालत: "नाही" म्हणता येतं. सही केली की अपील नाही.
आई-वडील: प्रांत कार्यालय.
खटला चालू असेल: सीएनआर क्रमांक मागून घ्या.

मागच्या बाजूला पत्ता कसा लिहायचा, नक्कल, हप्त्याचं वाक्य. जेलची पट्टी वेगळी.

नाझर

चांगलं आहे. तळाला छापल्याची तारीख टाका. उत्पन्न मर्यादा, फी बदलत राहतात. भिंतीवरचं पान पाच-सहा वर्षं निघत नाही आणि लोक त्यावरून भांडतात. आणि "अर्ज मराठीत चालतो" ही ओळ पहिली हवी. खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तरी इंग्रजीत लिहून घ्यायला माणूस पाचशे रुपये मोजतो.

ऐरोली_नाका

हिंदी प्रतही करा. तुर्भे स्टोअर, रबाळे, दिघा इथे मराठी पान अर्ध्या लोकांना वाचता येणार नाही.

घंटाळीकर

करतो. 'दाखलपूर्व'ला हिंदीत काय म्हणतात?

नाझर

प्री-लिटिगेशन. कोर्टात मराठी माणूसही तेच म्हणतो. मराठी पानावरही कंसात तेच टाका, नाहीतर खिडकीवरच्या कारकुनाला कळणार नाही.